गुणाबाईची विमानाची भेंडी

गुणाबाई बसलेली मी पाहिली ती फक्त मुरबाडच्या बाजारात. घरी ही बाई उभी असते, नाहीतर चालत असते. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, म्हणजे मध्येच उठायला बरं. आमच्या दोघींच्या परसांमध्ये कारवीचं कुंपण आहे आणि त्याला एक भगदाड आहे. तिथून मी गेली बावीस वर्षं तिचा संसार बघते. तिला ते ठाऊक आहे. एकदा देवजीदादानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते भगदाड बुजवायला घेतलं तर तीच त्याच्यावर ओरडली, "ऱ्हाऊ दे तसंच. मालूला बातम्या कुठनं मिळतील मग?"

देवजीदादा तिच्या अगदी उलट. तो बसला की बसला. दोघांच्या वाटचं बसणं तो एकटा उरकतो असं आमच्या वाडीत म्हणतात. म्हणजे मी म्हणते, वाडी हसते.

आमची वाडी किन्हवलीच्या वर, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात भात, नाचणी. भात निघालं की ओहोळाकाठी ज्याची जमीन आहे तो भाजी लावतो. गुणाबाईची तिथं चांगली पट्टी आहे, आणि तिच्या हाताला भेंडी येते. काहींच्या हाताला गोडं वरण येतं, काहींच्या हाताला भांडण येतं, हिच्या हाताला भेंडी. कोवळी, गर्द, मोडली की काडकन आवाज. मुरबाडच्या आठवडी बाजारात विजेच्या एका खांबाजवळ तिची जागा पंचवीसेक वर्षं ठरलेली होती. शाळेच्या बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, बँकेतला शिपाई, सगळे तिचं नाव घेत शोधत यायचे. भेंडीसाठी यायचेच, पण तिच्या हातासाठीही यायचे. तराजू खाली टेकला म्हणजे व्यवहार संपला असं तिचं कधी झालं नाही. पिशवीचं तोंड बंद व्हायच्या आत तिची मूठ वरून आत जायची. चार भेंड्या, कधी सहा. कुणाला मागावं लागायचं नाही.

"वैनी," मी म्हणायची, "तराजू घरीच ठेव ना. हातानंच वाट सगळं."

"तुला काय कळतंय? गिऱ्हाईक हसत गेलं पायजे गो."

असं हसत जाणारं गिऱ्हाईक सोडून गुणाबाई विमानाच्या नादाला लागली ती गेल्या दिवाळीनंतर.

झालं असं, की शाळेच्या ओट्यावर एक दिवस सारिका आली. स्कूटी, पाठीवर सॅक, वय फार तर सत्तावीस. वाशिंदच्या पुढे हायवेला लागून एक पॅकहाऊस आहे, तिथं ती कामाला. शेतकऱ्यांकडून भाजी घ्यायची, निवडायची, खोक्यात भरायची आणि विमानानं परदेशी पाठवायची, असा त्यांचा धंदा. "तुमच्या भागातली भेंडी तिकडे चालते," ती म्हणाली, आणि मग अटी सांगितल्या. लांबी तीन ते चार इंच. सरळ पाहिजे. रंग एकसारखा. एक दिवस आड सकाळी तोडायची, त्याच दिवशी द्यायची. क्रेट काठाच्या खाली भरायचा. "क्वालिटी द्या, बाकी सगळं आम्ही बघतो." क्वालिटी हा शब्द ती किती वेळा बोलली ते मी बोटांवर मोजत होते. एकोणिसापर्यंत आले, मग चहा आला.

आमच्याकडे बैठकीला माणसं चहासाठी जातात, नाव द्यायला नाही. गुणाबाईनं मात्र चहा यायच्या आधीच नाव दिलं होतं. तिचं बघून आणखी दोघांनी दिलं. नुसतं नाव देऊन ती थांबली असती तरी चाललं असतं. पण हिनं घरी येऊन ओहोळाकाठची सगळी पट्टी भेंडीखाली घातली, आणि बाजारातली खांबाजवळची जागा आपल्या जावेला, गोजरला, देऊन टाकली.

"वैनी, अगो विचार केलास का? गोजर एकदा बसली की तिला उठवायला तहसीलदार लागंल."

"मला परत कशाला बसायचंय तिथं? माझी भेंडी आता विमानात बसनार."

झालं. वाडीनं तिच्या भेंडीचं नाव विमानाची भेंडी ठेवलं. म्हणजे मी ठेवलं.

जानेवारी संपता संपता पहिली तोड आली. सहा क्रेट भरले. पॅकहाऊसला भाजी नेणाऱ्या हनुमानची पिकअप चढण चढून वाडीत आली, क्रेट एकावर एक रचले गेले, आणि गाडी निघाली तशी गुणाबाई तिच्या मागं चालत वळणापर्यंत गेली. लेक सासरी गेली तेव्हाही ती एवढ्या लांब गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर फोटो आला. तिचा फोन साधा, बटणांचा, म्हणून सारिकाला नंबर माझा दिलेला. मीच आग्रहानं दिला होता, खोटं कशाला बोलू?

फोटोत पांढऱ्या टेबलावर चार भेंड्या होत्या आणि चारींच्या अंगावर काळे ओरखडे. खाली लिहिलेलं, "मावशी, डाग आहेत. लॉट रिजेक्ट. क्वालिटी बघा."

मी भगदाडातून हाक मारली. ती हातातलं शेण तसंच घेऊन आली.

"काय लिवलंय?"

"डाग हायेत म्हणं. परत."

"परत म्हंजे?"

"म्हंजे विमान चुकलं."

तिनं मोबाइल हातात घेतला नाही, हात शेणाचे होते, पण मान एवढी पुढं आणली की मला काच दिसेना. "काळं हाय. म्हंजे माती. माझ्या भेंडीला माती?" पंचवीस वर्षांत तिची भाजी मळकी आहे असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. शेण भिंतीला थापायचं सोडून ती तशीच शेताकडं गेली, आणि दिवसभर मला भगदाडातून नुसतं रिकामं अंगण दिसलं.

दुसऱ्या तोडीला तिनं भेंडीला आंघोळ घातली. हे मी नुसतं बघितलं नाही, बादल्या मीही ओतल्या, तेव्हा हसायचा हक्क मला थोडा कमीच. ओहोळाचं नितळ पाणी, तेही दोन वेळा. मग जुन्या लुगड्यावर पसरून हलक्या हातानं टिपलं. हळदीच्या नवरीला एवढ्या मायेनं कुणी न्हाऊ घातलं नसेल. क्रेट भरले तेव्हा भेंडी अशी चमकत होती की देवजीदादा बसल्या जागेवरून म्हणाला, "आता खाल्ली तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही, फोनच आला. मी स्पीकर लावला.

"मावशी, भेंडी धुतली होती का?"

"धुतली तर! दोन पाण्यातनं काढली."



"मावशी, तोडल्यावर भेंडीला पाणी लावायचं नसतं. क्रेटमध्ये घाम धरते आणि काळी पडते. सगळा लॉट बुळबुळीत झालाय."

"मंग पयल्या येळेला घान घान म्हणून कशाला लिवलंस?"

"घाण नाही, डाग म्हटलं होतं. ते मातीचे नव्हते. कसले होते ते मलाही कळलं नाही. रोज तीनशे क्रेट बघते मी." मग आवाज जरा खाली आला. "मावशी, उद्याचा तुमचा तिसरा लॉट. तीन वेळा परत गेला की सर यादीतून नाव काढतात. माझ्या हातात नाही ते."

फोन बंद झाला. गुणाबाई माझ्या ओट्यावरून उतरली, परत चढली, परत उतरली. मी काहीतरी गमतीचं बोलणार होते. पण तिच्याकडं बघितलं आणि गप्प बसले. माझ्या बाबतीत हे वर्षातून एकदा होतं.

कारण हिशोब सरळ होता. नाव गेलं तर पिकअप तिच्यासाठी वाडीत थांबणार नाही. खांबाजवळ गोजर बसलीय, आणि ती पसरून बसलीय. भेंडीला मात्र कुणाच्या यादीशी काही घेणं नाही. तिला एक दिवस आड तोडली नाही तर बोटाएवढीची वीतभर होते आणि लाकूड होऊन बसते. सगळी पट्टी तोडणीला आलेली. ती भेंडी न्यायची कुठं?

त्या एका दिवसात तिनं आमचं जिणं नकोसं केलं. आधी तिला वाटलं बी खराब. मग वाटलं देवजीदादाच्या विडीची राख पडत असेल, तर त्याची विडी बंद. दोन तास तो माणूस हात मांडीवर ठेवून असा बसला होता की मला बाई दया आली. मग कोंबड्यांवर संशय. मग हनुमानच्या गाडी चालवण्यावर. तिनं बांधावर बसून, नाही, बांधावर उभी राहून, शंभरेक भेंड्या एकेक करून उलटसुलट बघितल्या. एकीवरही डाग नव्हता.

"झाडाला नाय, हातात नाय, मंग येतो कुठनं डाग?" ती मला विचारत होती, जसा काही मी लावून ठेवला होता. "लिव तिला, डाग देठाला हाय का शेंड्याला?"

मी लिहिलं. उत्तर आलं, "मध्ये."

"लिव, सगळ्या भेंड्यांना का थोड्यांना?"

उत्तर आलं, "वर दिसतात." आणि त्याच्यानंतर, "मावशी मी कामात आहे."

"वर म्हंजे?" गुणाबाई म्हणाली. "वर म्हंजे काय गो? वरनं कायतरी पडतंय?" तिनं आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि डोळे बारीक केले. "मालू, तुझीच नजर लागत असंल. भोकातनं सारखी टोकत असतीस."

तिसऱ्या तोडीला मला क्रेटच्या जवळ येऊ दिलं नाही. मी कुंपणाच्या माझ्या बाजूला, आणि ती क्रेटकडं तोंड आणि माझ्याकडं पाठ करून. पिकअप आली, रचणं झालं, आणि देवजीदादा गाडीची मागची फळी लावणार तेवढ्यात तिनं पायात चपला सरकवल्या. "मी जाते संगती. माझ्या समोर उघडू दे. कुठनं येतो डाग ते मला दाखवा म्हणते."

"आन् मी?" मी कुंपणावरून विचारलं.

"तू यायचं नाय."

"मोबाइल माझाय."

अशा रीतीनं आम्ही दोघी हनुमानच्या शेजारी पुढं बसलो.

किन्हवली येईपर्यंत तिनं मागच्या काचेतून चौदा वेळा क्रेट बघितले. हनुमान बिचारा गरीब माणूस, पण त्यालाही घाम फुटला.

"गर्भार बाई बसलीय असं चालव रे."

"काकू, ह्याच्यापेक्षा हळू चालवली तर गाडी मागं जाईल."

शहापूर मागं पडलं, हायवे लागला. तिथं गाडीनं वेग घेतला तशी तिनं पुढच्या डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरलं, गाडी थांबवायला निघाल्यासारखं. गप्प बसवत नव्हतं तिला. नाव गेलं तर काय काय करायचं ते ती मोठ्यानं मोजत होती. किन्हवलीत हॉटेलवाल्याला विचारायचं. आश्रमशाळेच्या कोठीत विचारायचं. गोजरच्या शेजारी गोणपाटाएवढी जागा मागायची. गोजरचं नाव आलं की ती थांबायची आणि परत पहिल्यापासून सुरू.

पॅकहाऊस म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत थंड, पांढऱ्या दिव्यांचा उजेड. आम्हाला दारातच प्लॅस्टिकच्या टोप्या दिल्या, डोक्याला घालायच्या. गुणाबाईच्या अंबाड्यावर ती टोपी पुरणपोळी तव्यावर फुगते तशी फुगली. मी हसले, ती नाही हसली. ती अजून बाहेरच होती, गाडीजवळ. दोन माणसं क्रेट उतरवत होती आणि ही त्यांच्या हाताखालून डोकं घालत होती.

पहिला क्रेट उचलला. त्याच्या बुडाला खालच्या क्रेटातल्या दोन भेंड्या चिकटून आल्या.

"थांब," ती म्हणाली.

माणूस थांबला. तिनं क्रेट तसाच वर धरायला लावला आणि वाकून खालून बघितलं. प्लॅस्टिकच्या क्रेटचं बूड जाळीचं असतं, चौकोन चौकोन. त्या जाळीत भेंड्या रुतून बसल्या होत्या. एक तिनं ओढून काढली. अंगावर आडव्या-उभ्या रेघा, अजून हिरव्याच, पण पाणचट झालेल्या. उद्या सकाळपर्यंत त्याच काळ्या पडणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. भेंडी तिनं जन्मभर हाताळलेली.

मग तिनं खालच्या क्रेटकडं बघितलं. भेंडी काठाच्या वर आली होती, चांगली चार बोटं. कागद घातलेला होता, आणि कागदाच्याही वर भेंडी होती.

मी बघितलं आणि मला सगळं एकदम समजलं. बरोबर काठाखाली क्रेट भरून, वर कागद घालून, या बाईनं प्रत्येक क्रेटवर आणखी मूठ घातली होती. एक नाही, दोन दोन. बाजारात घालायची तशी. आणि तिला स्वतःला ते माहीतही नव्हतं. तिचा हात ते काम तिला न विचारता करत होता.

"वैनी," मी हळूच म्हटलं, "ह्या वर कुणी घातल्या?"

ती आपल्या हाताकडं बघत राहिली. उलटा केला, सुलटा केला. "मीच ना गो," म्हणाली.

तेवढ्यात सारिका बाहेर आली. हातात वही, कानाला फोन. तिनं एक क्रेट आत टेबलावर घ्यायला लावला, वरचा थर बघितला, ओठ आवळले. "मावशी, परत तेच."

"तेच हाय," गुणाबाई म्हणाली, "पन आता मला कळलं. वरचं काढ, खाली बघ. खाली सोनं हाय."

"खाली असेल. पण वरचे एवढे खराब आहेत म्हटल्यावर मी सहाही क्रेट परत करते. तोच नियम आहे."

"ह्यो कसला नियम? वरच्या मुठीपायी सगळं फेकायचं?"

सारिकानं फोन खिशात ठेवला. मुलगी चांगली आहे, आवाज चढवला नाही. "मावशी, इथून खोकी जातात ना, तिकडचा माणूस त्यातलं एकच उघडतो. त्यात डाग दिसला की पूर्ण माल रिजेक्ट. तेच विमान भरून परत नाही आणत कोणी, तिथंच फेकतात."

"इचारत नाय काय झालं म्हणून?"

"कुणाला विचारणार? तुम्हाला?"

गुणाबाई म्हणाली, "माझ्याकडं बाजारात खराब निघाली तर बाई पुढच्या आठवड्याला येते. शिव्या देते. मी तिला वर चार जास्त घालते, ती हसते, मिटतं."

"इथं मिटवायला कोणी येत नाही मावशी. ज्याच्या ताटात जाते त्यानं तुम्हाला बघितलेलं नाही, तुम्ही त्याला नाही. तुमची भेंडी चांगली आहे हे त्याला कोण सांगणार? भेंडीच सांगणार. म्हणून कुठलंही खोकं उघडलं तरी तीच दिसली पाहिजे. कमी नको, जास्त पण नको."

"जास्त पन नको?" हा शब्द तिला लागला. बायकांना माहेरावरून बोललेलं लागतं तसा.

"नको. जास्त घातली की दाबली जाते."

सारिकानं घड्याळात बघितलं. "आटगावची गाडी यायला अर्धा तास आहे. तोपर्यंत हे टेबल रिकामं आहे. तुम्ही स्वतः निवडा. चार क्रेट साफ निघाले तर मी लॉट धरते. चारच्या खाली लॉट होत नाही. मग मला लिहावं लागेल."

काय लिहावं लागेल ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

टेबलावर दोन रेघा रंगवलेल्या होत्या, एक तीन इंचांवर, एक चारांवर. गुणाबाईनं पदर खोचला आणि पहिला क्रेट उपडा केला. वरची चिरडलेली आधीच बाजूला काढली होती. पहिल्या पाच मिनिटांत तिचा जीव तिथं नुसता तुटला. एक भेंडी जरा वाकडी. ती उचलून सारिकाकडं धरून म्हणाली, "ही बघ, वाकडी हाय पन मोडून बघ, लोण्यासारखी."

"वाकडी बाजूला मावशी."

एक साडेचार इंच. "ही तर जास्त हाय. लांब हाय म्हंजे भाजी जास्त झाली ना?"

"बाजूला."

चांगल्या भेंड्या बाजूला टाकायच्या म्हणजे काय, हे तिच्या हाताला येतच नव्हतं. एक टाकायची आणि परत उचलायची. मी म्हटलं आपण मदत करू. मी माझ्या बाजूनं निवडायला लागले आणि जरा सैल हातानं लागले, कबूल करते. थोडी वाकडी असली तर तळाला, दोन सरळ भेंड्यांच्या खाली. कोण बघतंय? चार क्रेट भरायचे होते.

चौथी की पाचवी अशी सरकवली आणि माझ्या मनगटावर चापट बसली.

"काढ."

"वैनी, तळाला हाय. दिसत नाय."

"त्यो तळाचंच खोकं उघडला तर? काढ म्हणते ना."

मी काढली. तिथून पुढं ती बदलली. म्हणजे चालणंबोलणं तेच, पाय तसेच टेबलाभोवती फिरत होते. पण हात थांबेनासा झाला. रेघेला लावायची, बघायची, ठेवायची, नाहीतर टाकायची. ज्या सारिकानं, मला वाटतं, घेतल्याही असत्या, त्या हिनं टाकल्या. एकीला सुईच्या टोकाएवढा ठिपका, टाकली. एकीचा रंग जरा फिका, टाकली. टाकताना तोंडानं चालू होतं, "तुझा काय दोष नाय गो, तू जा तिकडं." भेंडीशी बोलत होती. मी आजवर तिला देवजीदादाशी एवढं मऊ बोलताना ऐकलं नाही.

तीन क्रेट भरले. तिन्ही काठाच्या दोन बोटं खाली. चौथा भरत आला आणि निवडायचं संपलं. चौथा अर्ध्याच्या जरा वर, पाऊण म्हणा. बाहेर हॉर्न वाजला. आटगावची गाडी.

बाजूला पडलेल्यांचा ढीग केवढा होता! त्यातल्या पंचवीस-तीस भेंड्या घातल्या असत्या की चौथा क्रेट पुरा. मी तिच्याकडं बघितलं. तिनं ढिगाकडं बघितलं. ढिगातल्या चारपाच भेंड्या तिनं उचलल्यासुद्धा. रेघेला लावल्या. मग परत ढिगात टाकल्या.

"वैनी, नाव जाईल," मी म्हटलं. ह्या वेळी गंमत नव्हती त्यात.

"गप ऱ्हा." तिच्या कपाळावर टोपीच्या खाली घाम आला होता. त्या थंड शेडमध्ये.

सारिका आली. पहिल्या तीन क्रेटमध्ये हात घालून तळाच्या भेंड्या वर काढल्या, बघितल्या, ठेवल्या. चौथ्याकडं आली आणि थांबली.

"हा कमी आहे."

"कमीच हाय," गुणाबाई म्हणाली. "जेवढी सारखी हाय तेवढीच घातली."

"चार क्रेट सांगितले होते."

"सांगितलंस ना. ढीग हाय तो, घाल तुझ्या हातानं. मी नाय घालनार."

सारिकानं ढिगाकडं बघितलं. एक भेंडी उचलून बघितली, दुसरी बघितली. मग चौथा क्रेट सगळा टेबलावर ओतला. एवढं तिनं बाकीच्यांना केलं नव्हतं. भेंड्या घरंगळल्या, रेघांच्या मध्ये येऊन थांबल्या. ती बघत राहिली. आटगावचा ड्रायव्हर दारातून ओरडला, "मॅडम, टेबल?" तिनं त्याला हातानं थांब म्हटलं. गुणाबाईचे पाय एका जागी उभे होते. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. माझंही सगळं लक्ष सारिकाच्या हाताकडं होतं.

तिनं भेंड्या परत भरल्या. खिशातून चिकटपट्टीचे कागद काढले, ज्याच्यावर शेतकऱ्याचा नंबर असतो, आणि एक दोन तीन करत चारही क्रेटना लावले.

"परवा किती क्रेट येतील मावशी?"

गुणाबाईचे ओठ हलत होते. मागच्या तीन वेळा ती सहा म्हणाली होती, आणि सहाच्या वर मुठी. "चार," ती म्हणाली. "झाडावर सहाची हाय. पन येतील चार."

"चालेल. घरीच निवडून आणा. आणि काठाखाली."

"ते मला आता नको सांगू बाय."

सारिका वही घेऊन आत वळली. आटगावच्या माणसांनी क्रेट आणून टेबलावर आपटायला सुरुवात केली. गुणाबाई मात्र तिथंच. मला वाटलं हिला आता आनंदानं रडू येतंय की काय, म्हणून मी पदर हातात धरून तयार. पण तिनं आपला पदर सोडला, काठ टेबलावर पसरला, एक टोक कडेला लावलं आणि तीन इंचांच्या रेघेवर गाठ मारली. मग चार इंचांच्या रेघेवर दुसरी. आटगावचा एक पोऱ्या बघत उभा राहिला.

"काय करता आजी?"

"बाजूला हो रे. तुझी ती भेंडी बघ, केवढाली हाय."

बाहेर हनुमाननं निवडून टाकलेली भेंडी परत गाडीत चढवली होती. ती गोजरला द्यायची असं गाडीत चढतानाच ठरलं. मला तिथल्या तिथं फोन लावायला लावला, आणि गोजरनं उचलल्यावर गुणाबाई एवढंच म्हणाली, "बाजाराला भेंडी देते तुला. चांगली हाय, वाकडी हाय." गोजरला काही समजलं नाही, ती हो म्हणाली.

हायवेला लागलो तशी मी म्हटलं, "वैनी, ऱ्हायलं नाव. आता जरा हास की."

"हासते कशाला? परवा पुन्हा उघडून बघणार हाय ती. उद्या दुपारी पट्टीत जाऊन बघायला पायजे, किती चार इंचाच्या होतील ते. आन् तू येऊन क्रेटाजवळ उभी ऱ्हायची. माझा हात वर गेला की धरायचा."

"मी? माझी तर नजर लागते ना?"

"लागू दे. हात धर."

वाशिंद गेलं, शहापूर आलं. गाडीच्या हादऱ्यात ती पदराच्या दोन गाठी सारख्या चाचपत होती. बोट मध्ये धरून अंतर मोजत होती, आणि प्रत्येक वेळी ते तेवढंच आहे ना याची खात्री करून घेत होती.